पंडिता रमाबाईंचा शेवटचा हिवाळा

मार्गशीर्ष सरून पौष लागण्याच्या सुमारास आमच्या आटपाडीच्या माळावर पहाटेचा वारा अंगास झोंबू लागतो. माणदेशचा हा मुलूख पावसास पारखा खरा, परंतु थंडीने मात्र त्यास कधी विसरलेले नाही. नाताळचा सण याच दिवसांत येतो. घरे सारवली जातात, दारी कागदी तारा टांगला जातो, लहान मुले नव्या कपड्यांची वाट पाहतात. आणि याच दिवसांत पाळकास घरोघर भेटी देताना एक गोष्ट दिसते, ती इतर महिन्यांत दिसत नाही. कोणाचा मुलगा गलाईच्या धंद्यापायी दूर परप्रांती असतो. कोणाचे सारे कुटुंब ऊसतोडीस कृष्णाकाठी गेलेले असते. कोणी मेंढरे घेऊन घाट उतरलेला असतो. त्यांची वाट तरी पाहता येते. परंतु गेल्या नाताळात जो पंक्तीस बसला होता तो या नाताळात दफनभूमीत असला, तर त्या घरातील म्हातारी चुलीपुढे बसून कोणाची वाट पाहणार? सणाच्या दिवशी दुःख कमी होत नाही, उलट ते मोजून मापून समोर येते, असा आमचा अनुभव आहे.

अशा घरांतून यंदा वाचले जावे म्हणून आम्ही पंडिता रमाबाई यांचे चरित्र लिहावयास घेतले आहे. बाईंची विद्वत्ता, त्यांनी केलेल्या सुधारणा, त्यांच्यावरून माजलेले वाद यांविषयी पुष्कळ ग्रंथ झाले आहेत. आम्ही त्यांच्या घराविषयी लिहिणार आहो. ते घर किती वेळा मोडले आणि किती वेळा उभे राहिले, इतकेच सांगण्याचा हेतू आहे. वाचकांपैकी कित्येकांस ही कथा ठाऊक असेल. ठाऊक असलेली कथाच थंडीच्या रात्री पुन्हा ऐकावीशी वाटते.

बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण. तरुणपणी पुण्यास अध्ययन करीत असता, आपले गुरुजी पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले आणि स्त्रियांस विद्या द्यावी हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. त्या काळी हा विचार बोलून दाखविणेही अवघड. पहिल्या पत्नीस शिकविण्याच्या प्रयत्नास घरच्या वडीलधाऱ्यांनी मोडता घातला. ती वारल्यावर त्यांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला आणि लोकनिंदेस कंटाळून सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम बांधिला. तेथे त्यांनी पत्नीस संस्कृत पढविले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील बहीण कृष्णाबाई, मधला भाऊ श्रीनिवास, आणि ही धाकटी.

आश्रमात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या आदरातिथ्यात शास्त्रीबुवांची चीजवस्तू संपली. रमाबाई सुमारे सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, ते पुन्हा कोठे स्थिर झाले नाही. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोकीवर बाळास रानाबाहेर आणले, अशी आठवण आहे. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा तो संसार. या फिरत्या संसारात आई धाकट्या लेकीस पहाटे झोपेतून उठवी, जवळ घेई आणि पाठ देई. दिवसभर स्वयंपाक व पाहुणे यांतून तिला वेळ मिळत नसे, म्हणून ही पहाटेची वेळ तिने राखून ठेवली होती. पुढे रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयी इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला तो त्यांनी या आईच्या स्मृतीस अर्पण केला. अंगणात पाखरांचा किलबिलाट चाललेला आणि पांघरुणात आईच्या कुशीत बसून श्लोक म्हणणारी मुलगी, हे चित्र आम्हांस फार आवडते. रमाबाईंना घर म्हणून जे काही मिळाले ते एवढेच. भिंती त्यास नव्हत्याच.

त्यानंतर १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. माणदेशच्या माणसास दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु या कुटुंबाची अवस्था विशेष कठीण होती, कारण विद्येशिवाय त्यांस दुसरे काही येत नव्हते आणि अंगमेहनत करणे किंवा भीक मागणे त्यांच्या अभिमानास सोसत नव्हते. भांडी विकली, दागिने विकले, वस्त्रे विकली. शेवटी तिरुपतीच्या रानात अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी पवित्र जलाशयात देह सोडण्याचा निश्चय केला. त्यांची दृष्टी गेली होती. त्यांनी मुलांस एकेक करून निरोप दिला. सर्वांत धाकटी म्हणून रमाबाईंस शेवटी जवळ ओढून, त्यांच्या डोक्यावरून व गालांवरून हात फिरवीत, सन्मार्ग सोडू नको आणि जन्मभर देवाची सेवा कर, असे त्यांनी सांगितले. डोळ्यांनी लेक दिसत नव्हती, म्हणून ते तिला हातांनी पाहत होते. ऐन वेळी श्रीनिवास पुढे झाला. आपण जातीचा अभिमान सोडून मजुरी करू, पण हे होऊ देणार नाही, असे त्याने म्हटल्यावर तो बेत राहिला. परंतु देहात आता काही उरले नव्हते. थोड्याच दिवसांत शास्त्रीबुवा वारले.

दीड महिन्याच्या आत आई गेली. रायचूर येथे ती तापाने पडली असता तिला अन्नाची इच्छा झाली. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मणाच्या घरी गेल्या, पण मागणे तोंडातून निघेना. शब्दांच्या आधी रडूच आले. त्या घरच्या बाईने ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन मुलगी धावत आली, तो आईस घास गिळण्याची शक्ती राहिली नव्हती. आमच्या वाचकांच्या घरी आज रात्रीही बाजरीची भाकरीच असेल. ती मोडताना हा प्रसंग आठवावा.

स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. खांदा देण्यास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. ते दोघे आणि ही दोन भावंडे अशी चौघांनी तिरडी उचलली. रमाबाई उंचीने ठेंगण्या, त्यांचा खांदा इतरांच्या खांद्यास पुरेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि तसाच तीन मैल नेला. वय सोळा वर्षांचे. पुढल्या साली कृष्णाबाई पटकीने गेली.

उरली दोन भावंडे. पायी हजारो मैल ती हिंडली. दक्षिणेकडून उत्तरेस, राजपुतान्यात, पंजाबात. अंगावर पुरती वस्त्रे नाहीत, पायांत जोडा नाही, आणि पंजाबचा हिवाळा! एका रात्री झेलम नदीच्या काठी थंडी इतकी असह्य झाली की त्यांनी कोरड्या वाळूत दोन खड्डे खणले. आकाराने ते थडग्यासारखेच होते. त्यांत ती दोघे निजली आणि डोकी तेवढी बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. नदीकाठी रात्री अंधारात शेजारी शेजारी पुरलेली ती दोन जिवंत माणसे! रानातली बोरे मिळत, ती सालीबियांसह खाऊन पोटाची आग विझवावी लागे. आम्ही हे कितीदा तरी वाचले आहे आणि दर खेपेस आमचे लक्ष एकाच गोष्टीकडे जाते. खड्डे दोन होते. त्या रात्री बोलावयास कोणी तरी होते.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास आली. तेथील पंडितांनी बाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. भुकेने पाने खाल्लेली मुलगी सभांतून व्याख्याने देऊ लागली. परंतु त्या भुकेने व थंडीने श्रीनिवासाचे शरीर आतून पोखरले होते. ८ मे १८८० रोजी डाक्का येथे तो वारला. त्यास मरणाची भीती नव्हती, पाठीमागे ही एकटी कशी राहील ही चिंता होती. तुमची आणि माझी काळजी वाहणारा देवावाचून दुसरा कोण आहे, अशा अर्थाचे बहीण बोलली, तेव्हा त्याच्या जिवास शांती मिळाली. ख्रिस्ती धर्म बाईंनी अजून स्वीकारला नव्हता, हे येथे लक्षात ठेवावे.

त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांस टाकले. आसामात सिलचर येथे संसार मांडला. जन्मात प्रथमच स्वतःचे छप्पर. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा ठेविले. एवढे सुख फार काळ टिकले नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. परमुलखात, माघाच्या थंडीत, दहा महिन्यांची पोर कडेवर आणि वय तेवीस वर्षे. हिंदुस्थानात त्या काळी विधवेची काय दशा होती हे आमच्या वाचकांतील वृद्धांनी आपल्या आज्यांकडून ऐकले असेल.

बाई त्याच वर्षी पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, पुस्तक लिहिले, शिक्षणाविषयी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या इच्छेने मुलीस घेऊन इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. याच दिवसांत त्यांच्याबरोबर गेलेली आनंदीबाई भगत ही सोबतीण तेथे दुर्दैवी मरण पावली. आणखी एक दुःख येथेच जडले. कान अधू होत चालले. वैद्यक शिकण्याचा बेत त्यापायी सोडावा लागला. बहिरेपणाचे एकटेपण निराळेच असते. माणसे समोर असतात, ओठ हलतात, आणि आपण त्यांच्यातून उठवले गेल्यासारखे होतो. ज्या कानांनी आईचे पाठ ऐकले, तेच कान असे झाले.

चेल्टनहॅमच्या विद्यालयात बाई शिकत व शिकवीत, तेव्हा मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींपाशी असे. मुलीस धर्माचे काय व किती शिकवावे यावरून बाईंचे त्या भगिनींशी मतभेदही झाले. स्वतःच्या बुद्धीस पटल्यावाचून बाई काही मानीत नसत, आणि हा स्वभाव लोकांस नेहमी गोड वाटे असे नाही. फेब्रुवारी १८८६ मध्ये खवळलेला अटलांटिक महासागर ओलांडून माय-लेकी अमेरिकेस गेल्या. निमित्त होते दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानाचे. तो समारंभ ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियास झाला. वर्ष भरण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. इकडे पाच वर्षांच्या मनोरमेस काही काळाने इंग्लंडास परत पाठवून बाई अमेरिकेच्या शहराशहरांतून हिंदू विधवांसाठी व्याख्याने देत हिंडल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ मंडळ स्थापन झाले. त्या बर्फाच्या देशात, परक्यांच्या घरी, लेकीवाचून त्यांनी नाताळ काढला असेल तेव्हा काय वाटले असेल, याचा तर्क आया करू शकतील. आम्ही करीत नाही.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वश्रुत आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे अण्णासाहेब कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. सदन पुण्यास आले. १८९३ साली धर्मांतराच्या संशयाने वादळ उठून बऱ्याच मुली काढून नेल्या गेल्या. तेव्हा बाईंच्या बाजूने व विरुद्ध जे लिहिले गेले त्याने कपाटे भरतील.

आम्हांस त्याहून मोठी वाटते ती १८९६-९७ च्या दुष्काळातील गोष्ट. मध्य प्रांतात माणसे मरत आहेत हे कळताच बाई तिकडे गेल्या. पदरी एवढ्या लोकांस पोसण्याची सोय नव्हती. परंतु रस्त्याकडेला बसलेली हाडांची मुलगी दिसली की त्यांस ती परकी वाटत नसे. रायचूरची भाकर मागावयास गेलेली मुलगी त्या विसरल्या नव्हत्या. शेकडो मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगाचे निर्बंध, म्हणून पुणे जिल्ह्यातच केडगाव येथे घेऊन ठेवलेल्या माळरानावर तंबू व झोपड्या उभारून त्यांस नेले. तेच मुक्ती सदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गाईगुरे, तेलघाणी, हातमाग, छापखाना, शाळा, आणि क्रूसाच्या आकाराचे विस्तीर्ण मंदिर असे एक गावच तेथे वसले. आंधळ्या स्त्रियांसाठी बर्तिमी सदन निघाले. अंधांची लिपी मनोरमेने अमेरिकेत शिकून येऊन तेथे शिकविली. तिरुपतीच्या रानात लेकीचा चेहरा हातांनी चाचपणारे आजोबा तिने पाहिले नव्हते. १९०५ सालच्या जागृतीविषयी येथे लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मनोरमाबाई आईच्या उजव्या हात झाल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी वयाची पस्तिशी ओलांडल्यावर मिळविली, कारण तोपर्यंत दुसऱ्यांच्या मुली शिकविण्यातच त्यांचे आयुष्य गेले होते. गुलबर्ग्यास त्यांनी मुलींची शाळा चालविली. त्या अविवाहित राहिल्या. आईच्या कार्याचे ओझे लेकीवर फार लहान वयात पडले, असे आमचे मत आहे, आणि ते येथे लपवून ठेवीत नाही. परंतु तिने ते टाकून दिले नाही. आपल्यामागे मुक्तीचा कारभार तीच पाहील, असे बाईंनी मनाशी धरले होते.

बाई स्वतः उतारवयात एका कामास लागल्या होत्या. सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी मूळ इब्रीवरून व ग्रीकवरून करावयास घेतले. त्यासाठी त्या दोन्ही भाषा शिकल्या. संस्कृताची एवढी पंडिता, परंतु या भाषांतरात जड शब्द येऊ नयेत, अक्षरे नुकतीच ओळखू लागलेल्या बाईस ते समजावे, असा त्यांचा कटाक्ष होता. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंत सारे मुक्तीतील स्त्रियाच करीत. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

मनोरमाबाईंचे हृदय दुर्बळ झाले होते. उपचारासाठी त्यांस आपल्या भागात मिरजेस आणले होते. तेथेच २४ जुलै १९२१ रोजी, रविवारी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्या वारल्या. आमच्या लोकांस मिरज म्हणजे दुखणेकरी नेण्याचे ठिकाण. कोणी बरे होऊन येतो, कोणाची नुसती बातमी येते. केडगावास त्या दिवशी बातमी आली.

आता विचार करावा. बाप रानात गेला, आई रायचुरास, बहीण पुढल्या साली, भाऊ डाक्क्यास, नवरा सिलचरास, आणि शेवटी लेक मिरजेस. त्रेसष्ट वर्षांची म्हातारी, ऐकू येत नाही, शरीर थकलेले. झेलमच्या वाळूत निदान दुसरा खड्डा शेजारी होता.

तो हिवाळा आला. १९२१ सालचा नाताळ रविवारीच होता. केडगावच्या माळावर पौषाची थंडी आमच्या आटपाडीसारखीच पडते. सभोवार शेकडो मुली, नव्या कपड्यांत, गाणी गाणाऱ्या. त्यांतली एकही पोटची नाही, आणि बाईंस आई म्हणावयास पोटचे कोणी उरलेच नव्हते. बाईंच्या कानी ती गाणी कितपत पोहोचली असतील देव जाणे. परंतु मेजावर छापखान्यातून आलेले कच्चे छाप पडलेले होते. ओल्या शाईचे, चुका काढावयाचे. त्या मुलींनीच जुळविलेले.

दुःखी माणसास लोक येऊन पुष्कळ सांत्वन करतात. बाईंनी या दिवसांत त्याचा आधार फारसा शोधला असे दिसत नाही. त्या कामास बसल्या. एक पान, मग दुसरे पान. स्वतःस कोंडून घेऊन मात्र नव्हे, कारण सदनाचा कारभार चालूच होता आणि पुढे तो कोणी पाहावा याची व्यवस्थाही याच महिन्यांत लावावयाची होती. एखाद्या घरातील म्हातारी, लेकीस मूठमाती देऊन आल्यावर, संध्याकाळी गुरांस वैरण घालावयास उठते. आपल्या मुलखात असे उठलेले हात आम्ही पाहिले आहेत. शेजारणी म्हणतात, बाईचे काळीज दगडाचे. दगडाचे नसते ते. गुरांस वैरण हवी असते.

मार्च सरला. छापांचे शेवटचे तपासणे राहिले होते. तेवढे पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी बाईंनी प्रार्थना केली, असे त्यांच्याजवळ असलेल्यांनी सांगून ठेवले आहे. शेवटचे पान तपासून झाले. त्यानंतर ५ एप्रिल १९२२ च्या रात्री झोपेतच त्यांचा प्राण गेला. मनोरमाबाईंस जाऊन साडेआठ महिने झाले होते आणि पुनरुत्थानाचा सण अकरा दिवसांवर होता. केडगावच्या मातीतच त्यांस ठेविले. पुस्तक बाईंनी बांधलेले पाहिले नाही. त्या मुलींनी ते छापून १९२४ साली बाहेर काढिले.